वहिनीच्या बायबलात सात पुस्तकं जास्त कशी?

भुसावळवाला: सलाम मंडळी. आमचं घर प्रॉटेस्टंट, वहिनी वसईची कॅथलिक. परवा भरीत आणि कळण्याची भाकरी झाल्यावर प्रार्थनेला बसलो, तर ती म्हणे, "तोबित काढा." जुन्या कराराच्या शेवटच्या पुस्तकापर्यंत, मलाखीपर्यंत पानं उलटली, तोबित नावाचं पुस्तकच सापडेना! माझ्यात ६६ पुस्तकं, तिच्यात ७३. आमच्यांनी काढली की त्यांनी घातली?

नवापूरचा मास्तर: भाऊ, नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दोघांचा सारखाच, २७ पुस्तकं. भानगड जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात आहे. ही सात पुस्तकं जुन्या ग्रीक भाषांतरात होती, यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात नाहीत. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनं १५३४च्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मधे वेगळी छापली. वेगळी हं, काढून टाकली नव्हती. आपले लोक हेच विसरतात. कॅथलिकांनी १५४६मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत ती शास्त्र म्हणून पक्की केली.

भुसावळवाला: बरं झालं, वहिनीशी वाद घातला नाही.

धुळेकर: तोबित वाचाच. पोरगा प्रवासाला निघतो तर मागे कुत्राही जातो!

भुसावळवाला: वाचलं. माशाच्या पित्तानं बापाला दिसायला लागतं. आईला मोतीबिंदू आहे. विचारतेय, तापीतला मासा चालेल का?