आव्हान फुकटचं नाही

"कोच उठसूट ऑफसाइडचं आव्हान देतात, त्यांचं काय जातं?" असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं २०१५-१६ च्या एनएचएलला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगला, लागू होतं. आव्हान म्हणजे समोरच्या संघाचा गोल व्हिडिओवर पुन्हा तपासायला लावणं; ऑफसाइड म्हणजे चकतीच्या आधी हल्लेखोर खेळाडूने निळी रेषा ओलांडणं. नियम नवा होता, आव्हान फसलं तर फक्त टाइमआउट (संघाला मिळणारी छोटी विश्रांती) जायचा. २०१७-१८ पासून ऑफसाइडचं आव्हान फसलं की दोन मिनिटांची पेनल्टी बसू लागली. २०१९-२० पासून कुठलंही आव्हान फसलं तरी तेच, आणि त्याच सामन्यात पुन्हा फसलं तर चार मिनिटं! क्रिकेटमध्ये रिव्ह्यू वाया गेला तर रिव्ह्यूच जातो. इथे गोल तर खाल्लेलाच असतो, वर एक खेळाडू कमी घेऊन खेळायचं. आघाडी एका गोलाची असताना ही जोखीम घ्यायला छाती लागते.

माझा राग मात्र गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, झालेल्या अडथळ्याच्या आव्हानांवरच्या निर्णयांवर आहे. ऑफसाइडला निळी रेषा तरी असते. इथे धक्का कुणामुळे लागला, गोलीला सावरायला वेळ होता का, हे सगळं नजरेवर. मार्च २०१८ पासून अंतिम शब्द लीगच्या टोरांटोतल्या व्हिडिओ तपासणी कक्षाचा आहे, तरी सारख्याच दिसणाऱ्या दोन प्रसंगांत निकाल वेगळे लागतात. रेफरी एका वाक्यात निकाल सांगतो, तेवढ्याने भागत नाही. चित्रफितीसकट कारण तिथल्या तिथे दाखवा.