साखर सुटली, चॉकलेट सुटेना: घरच्या लो कार्ब चॉकलेटांचे तुमचे प्रयोग सांगा

माळ्यावरची_ट्रंक
परवा मखर काढायला माळ्यावर चढले आणि हाताला काय लागलं तर फ्रीजचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा बर्फाचा ट्रे. तोच तो, मधे दांडा असलेला, दांडा खेचला की कर्रकन बर्फ सुटायचा. आई त्यात चॉकलेटं करायची. बाकीच्यांच्या आया दूध पावडर, कोको, लोणी आणि एकतारी पाक घोटून ताटात थापायच्या नि वड्या पाडायच्या, आमच्या आईला मात्र ‘दुकानासारखा आकार’ हवा असायचा. पाक एकतारीच्या पुढे गेला की चॉकलेट दगड, अलीकडे राहिला की चमच्याने खायचं. डोंबिवलीच्या चाळीतली सगळी पोरं आमच्या दारात.

आता आई नाही. बाबांची तीन महिन्यांची साखर ८.४ आली तेव्हापासून घरात गोड बंद, पण रात्री जेवण झालं की ते फ्रीज उघडून नुसते उभे राहतात, ते बघवेना. म्हणून गेल्या वर्षापासून मी हे करते: ८५ टक्के कोकोवालं डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, पातेल्यात पाणी उकळायला ठेवून वर भांडं ठेवून वितळवायचं (खालचं पाणी वरच्या भांड्याला टेकू द्यायचं नाही), त्यात चमचाभर तूप, चिमूटभर मीठ आणि बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया मिळून १५० ग्रॅम, मंद आचेवर खरपूस भाजून पूर्ण गार केलेल्या. बटर पेपरवर चमच्याने २० ढीग घालायचे, फ्रीजमधे अर्धा तास. झालं. ८५ टक्के म्हणजे उरलेल्या १५ मधे बहुतेक साखर, म्हणजे एका ढिगात पाऊण ग्रॅमच्या आसपास साखर आली, सुक्यामेव्याचे कार्ब धरले तरी एकात दोनच्या आतबाहेर. बाबा जेवणानंतर एक खातात, मीटरवर फारसा फरक दिसत नाही. त्यांच्या मीटरवर हं, तुमचं तुम्ही बघा.

तर तुमचे जमलेले फसलेले सगळे किस्से येऊ द्या.

खमंग_भोपळी
दांडावाला ट्रे!!! आमच्याकडे पण होता, जीभ चिकटायची त्याला. बाकी रेसिपी नंतर वाचते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

संत्राबर्फी
नागपूरवरून लिहून राहिली. मी खोबरेल तेलवालं केलं होतं, कोको पावडर आणि तेल समसमान, वरून बदामाचे काप. फ्रीजमधून काढलं तर एकदम कडक, दिसायला सुंदर. मे महिन्यात नवऱ्याच्या डब्यात दिलं. खोबरेल तेल २४-२५ डिग्रीलाच पातळ होते, आणि इथे बाहेर ४५. दुपारी फोन आला की डब्यात काळं तेल आहे आणि पोळ्या त्यात पोहून राहिल्या आहेत, हे काय नवीन. ऑफिसमधे सगळ्यांनी चॉकलेट पोळी म्हणून खाल्ली म्हणे. आता उन्हाळ्यात कोको बटर घेते, ते ३४ च्या आसपास वितळते म्हणून तोंडात विरघळते पण हातात जरा टिकते. नागपूरच्या मेमधे तेही नाही टिकत म्हणा. आणि घाण्याचं तेल घेऊ नका, मुलगा म्हणतो आई चॉकलेटला तुझ्या वेणीचा वास येतो :)

चुलीवरची_भाकर
छान धागा. मी नेहमी खजूर आणि सेंद्रिय गूळ घालून करते, कोको घालते, काजू बदाम घालते. साखर अजिबात नाही. सासूबाई दिवसाला चार-पाच खातात, पौष्टिक आहे.

आडनाव_नंतर_सांगतो
ताई, गूळ म्हणजे साखरच हो, थोडे क्षार जास्त इतकंच. आणि खजुरात शंभर ग्रॅमला ७० च्या वर कार्ब. पौष्टिक असेल, लो कार्ब नाही. सासूबाईंना डायबेटिस आहे का?

चुलीवरची_भाकर
सासूबाईंना काही नाही, ८१ वर्षांच्या आहेत, जिने चढतात. डायबेटिस मला आहे. मी त्यातलं खात नाही. म्हणजे फारसं खात नाही.

खमंग_भोपळी
‘फारसं’ 😀 मी पण फारसं वडापाव खात नाही.

पावभाजी_विदाऊट_पाव
माझी फसगत अशी की केकच्या सामानाच्या दुकानातून डार्क कंपाउंडची लादी आणली, म्हटलं डार्क म्हणजे साखर कमी. वितळायला मस्त, साच्यात झटकन सेट, चकाकी पण आली, मी खूश. अप्पेपात्रात ओतलं होतं, पिस्त्याचा चुरा लावून, अप्प्यांसारखी गोल गोल. आईने दोन दिवस आनंदाने खाल्ली, जेवणानंतरची २४० आली. मग पाकीट वाचलं तर घटकांमधे पहिलंच नाव साखर, दुसरं वनस्पती तेल. कोको बटर नाहीच त्यात, म्हणून तर इतकं सोपं वितळतं. तेव्हापासून पुढचं नाव वाचतच नाही, पाकीट उलटं करून मागचं वाचते. बहीण म्हणते मुलगा बघताना पण असंच करायला हवं होतं.

आडनाव_नंतर_सांगतो
+१ बहिणीला. हलके घ्या.

दोन_वेळचं_जेवण
आमच्याकडे मोठा प्रश्न वेगळाच आहे. मी दीक्षित डाएटवाला, बायको दिवेकर डाएटवाली. दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत, मधे काही नाही, त्यामुळे मी ताट वाढायच्या आधी चॉकलेट घड्याळाशेजारी काढून ठेवतो आणि ५२ व्या मिनिटाला खातो. बायको म्हणते एवढा हिशोब करण्यापेक्षा बेसनाचा एक लाडू खा. घरात शांतता राहावी म्हणून लाडू पण ५५ मिनिटांच्या आतच खातो.

माळ्यावरची_ट्रंक
५२ वं मिनिट 😂😂

कढीपत्ता_बाजूला
एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) कोणी वापरलंय का? मी आणलं. पहिल्यांदा तसंच दाणेदार घातलं, चॉकलेटमधे ते विरघळतच नाही, कारण चॉकलेट म्हणजे सगळं स्निग्ध आणि ते विरघळतं पाण्यात. दातांखाली वाळू. दुसऱ्यांदा मिक्सरला फिरवलं, झाकण लगेच उघडलं, सगळं नाकात, दहा मिनिटं शिंका. पण पिठीने काम होतं. साखरेपेक्षा गोडी कमी, आणि तोंडात गार गार लागतं, पेपरमिंट खाल्ल्यासारखं. मुलाला वाटलं मी पुदिना घातलाय. आता पिठी थोडी आणि स्टीव्हियाचे दोन थेंब असं जमवलंय, नुसतं स्टीव्हिया मागून कडू लागतं.

गॅलरीतली_बाग
स्टीव्हियाचं रोप आहे आमच्याकडे, गोड तुळस. पानं वाळवून पूड करून घातली मी चॉकलेटात. रंग हिरवट आणि चव काढ्याची. नवरा म्हणाला सर्दी नाहीये मला.

खमंग_भोपळी
मेले हसून. परत आले, भात लागला खाली.

पोस्टातलं_तिकीट
इथे लिहू की नको असं झालं होतं, लिहितेच. आमचे हे इन्सुलिनवर आहेत. मागच्या हिवाळ्यात सोलापूरला एसटीने जाताना यांना दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं जड. मला कळलं साखर उतरली, पर्समधे माझीच बदामाची लो कार्ब चॉकलेटं होती, गोड आहे ना म्हणून दोन भरवली. मीटर लावला तर ५८. दहा मिनिटांनी ५६. मला काही सुचेना, चॉकलेट खाऊन पण का चढत नाही. पुढच्या सीटवरच्या आजींनी पिशवीतली साखरेची पुडी काढली, म्हणाल्या पाण्यात घाल आणि पाज आधी. पंधरा मिनिटांत माणूस बोलायला लागला. नंतर डॉक्टर रागावले, की बाई त्यात साखर नाही म्हणूनच तर ते करता ना तुम्ही, मग चढणार कशी, आणि वरून तेवढं फॅट, ते सगळं आणखी सावकाश करतं. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. आता पर्समधे दोन डब्या असतात, एकीवर लाल रबर. त्या आजींचं नाव पण विचारलं नाही हो मी, टेंभुर्णीला उतरून गेल्या.

माळ्यावरची_ट्रंक
बाप रे. बरं झालं लिहिलंत. बाबा गोळ्यांवर आहेत, पण मी पण पुडी ठेवते आजपासून.

संत्राबर्फी
काटा आला वाचून. ताई तुम्ही कशा आहात आता?

पोस्टातलं_तिकीट
आम्ही ठीक. हे शेजारी बसून विचारतायत माझ्याबद्दल काय लिहितेस.

बोंडूची_सावली
म्हापशाहून. काजूबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून आलो. आमच्याकडे बोंडूंच्या दिवसात घरात काजूच काजू, मी हौसेने सगळी चॉकलेटं काजूची केली, लो कार्ब म्हणून बहिणीला मुंबईला पाठवली. तिची लेक डाएटिशियन. फोन करून म्हणते मामा, काजूत तंतू वजा करूनही शंभर ग्रॅमला २७ च्या आसपास कार्ब, बदामात दहा सुद्धा नाहीत, अक्रोडात सात. तीस वर्षं काजू खातोय, कोणी सांगितलं नाही. आता बदाम विकत आणतो आणि घरचे काजू पाहुण्यांना. गोंयकाराने बदाम विकत आणायचे, काय दिवस आले.

बर्फातला_मराठी
न्यू जर्सी. इथे १०० टक्केवालं बिनसाखरेचं बेकिंग चॉकलेट सहज मिळतं, तेच ८५ वाल्यात निम्मं मिसळतो. पिकान मिळतात, त्यात निव्वळ कार्ब ४ च. पण खरं सांगू, हे सगळं असून शेंगदाण्याचं जे लागतं ते कशाचंच नाही. दाणे खरपूस भाजून, सालं पाखडून (पाखडायला सूप नाही, पार्किंगमधे ताटलीत फुंकर मारून काढतो, शेजारचे बघतात), जाडसर कुटून. सोबत भाजलेलं सुकं खोबरं. थोडक्यात चिक्कीच, गुळाऐवजी चॉकलेट.

लेकाची_शाळा
एक शंका, चॉकलेटवर आठवड्याने पांढरे डाग आले, बुरशी म्हणून अख्खी बरणी टाकली मी. ३०० रुपयांचे अक्रोड होते 😭

कढीपत्ता_बाजूला
अरेरे. चॉकलेट होतं का केसाळ? नुसते राखाडी पट्टे असतील तर ते कोको बटर वर आलेलं असतं, वितळवून परत गोठवलं की येतं. खायला चालतं, दिसायला भिकार. केसाळ हिरवट असेल किंवा अक्रोड खवट लागले तर टाकायचं.

लेकाची_शाळा
केसाळ नव्हतं. सांगू नका कुणाला घरी.

आडनाव_नंतर_सांगतो
हिशोब करून आलो. १०० ग्रॅम चॉकलेट ६०० कॅलरी, १५० ग्रॅम सुकामेवा ९००, वीस ढिगांत वाटले तर एक ढीग ७५. काल मॅच बघत आठ खाल्ले. कार्ब कमीच होते, पण सहा पोळ्या झाल्या.

खमंग_भोपळी
आणि जेवलात पण असाल.

आडनाव_नंतर_सांगतो
फारसं नाही.

दुपारची_झोप
घरात कुत्रा असेल तर वरच्या फडताळात ठेवा. चॉकलेट त्यांना बाधतं, आणि गोडीसाठी झायलिटॉल घातलं असेल तर फारच, थोडंसं पण. आमचा मोती वाचला, सलाईनवर होता दोन दिवस. अजून वास घेत फिरतो त्या बरणीचा.

पावभाजी_विदाऊट_पाव
पाणी पडून चॉकलेट आटलं, घट्ट गोळा झाला, आत्ता, चमचा ओला होता. लवकर सांगा कोणीतरी, गॅसवरच आहे.

कढीपत्ता_बाजूला
गॅस बंद करा आधी. गरम पाणी किंवा साय चमचा चमचा घालत घोटा, सैल होईल, पण आता ढीग नाही व्हायचे, सॉस म्हणून खा.

पावभाजी_विदाऊट_पाव
झालं सैल. आई वाटीत घेऊन बसली आहे. ढिगांचं नावच काढू नको म्हणते.

माळ्यावरची_ट्रंक
मी काल त्या ट्रेमधे करून बघितली. बटर पेपर कापून लावला होता खाली तरी दांडा काही केल्या हलेना, गंजलाय कोपऱ्यात. मग बाबा आले, ट्रे उलटा केला, नळाखाली पाठ धरली पाच सेकंद आणि ओट्यावर हलकेच आपटला. सगळी सुटली. म्हणाले तुझी आई असंच करायची, दांडा पहिल्या महिन्यातच मोडला होता.

बर्फातला_मराठी
मग दांडा खेचल्याची आठवण कुणाची?

माळ्यावरची_ट्रंक
तेच विचार करतेय सकाळपासून. शेजारच्या काकूंकडे असेल.

खमंग_भोपळी
ट्रे विकणार का?