धावपट्टी मोकळी आहे की नाही, हे अजून तोंडीच का ठरावं?

वातकुक्कुट
तोक्योच्या हानेडा विमानतळावर झालेल्या विमानांच्या टकरीचा विषय परवा निघाला आणि 'वैमानिकाची चूक' एवढ्यावर संपलाही. मला ते पचलं नाही, म्हणून हा धागा.

2 जानेवारी 2024, तोक्यो. तटरक्षक दलाच्या विमानाला टॉवरने (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने) सांगितलं, 'नंबर वन, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट सी फाइव्ह.' म्हणजे उड्डाणाच्या रांगेत तुम्ही पहिले, धावपट्टीच्या अलीकडे सी-5 ही थांबायची जागा आहे, तिथपर्यंत या आणि थांबा. वैमानिकाने तेच परत म्हटलं, वर 'थँक यू' म्हटलं, आणि विमान थेट धावपट्टीवर नेऊन उभं केलं. चाळीसेक सेकंद ते तिथे होतं. मागून जपान एअरलाइन्सचं ए-350 त्याच्यावर उतरलं. त्यातले 379 च्या 379 जण जिवंत बाहेर आले. तटरक्षक विमानातल्या सहांपैकी पाच गेले.

रीडबॅक, म्हणजे हुकूम परत म्हणून दाखवणं, बरोबर होता, हे लक्षात घ्या. तोंडी हुकमाची तपासणीही तोंडीच होत असेल, तर डोक्यात शिरलेला गैरसमज तिला कसा सापडणार? 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर हेच झालं. धुक्यात केएलएमचं जंबो धावत सुटलं. टॉवर 'ओके' म्हणाला, पुढे 'थांबा, मी सांगतो' असंही म्हणाला. पण त्याच क्षणी पुढे असलेल्या पॅन ॲमच्या विमानातले 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' म्हणत होते. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर नुसती शिट्टी ऐकू आली. टक्कर झाली, 583 मृत्यू.

माझं म्हणणं सरळ आहे. धावपट्टीवर चाक टेकवायची परवानगी दिव्याने मिळावी. अमेरिकेतल्या वीसेक विमानतळांवर जमिनीत बसवलेले लाल दिवे आहेत. टेहळणी यंत्रणेच्या माहितीवर ते आपोआप लागतात. टॉवरने 'जा' म्हटलं तरी दिवा लाल असेल तर थांबायचं. हे सगळीकडे सक्तीचं का नाही?

नाठाळ
असहमत. हानेडाला यंत्र नव्हतं असं तुम्ही सुचवताय. होतं की! धावपट्टी अडलेली असताना विमान उतरायला येत असेल तर नियंत्रकाच्या पडद्यावर रंग बदलतो. त्या दिवशीही बदलला होता, मिनिटभर तसाच होता. कुणाचं लक्ष गेलं नाही.

दिव्यांचंही तेच. त्या भागातले स्टॉप बारचे (धावपट्टीच्या तोंडाशी थांबवणारे लाल) दिवे डागडुजीसाठी बंद होते, पण चालू असते तरी फरक पडला नसता. ते फक्त खराब दृश्यमानतेत लावायचे, असा नियम होता आणि त्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती.

वातकुक्कुट
@नाठाळ, हा माझ्याच बाजूचा मुद्दा झाला. पडद्यावरचा रंग नियंत्रकाला दिसतो, आणि तो आधीच दहा गोष्टी बघत असतो. इशारा ज्याच्या हातात ब्रेक आहे त्याच्या नाकासमोर हवा. आणि दिवे हवामान बघून लावायचे हा नियम कुणी केला, त्याला आधी विचारा.

रोखठोक
दिवे, रडार, सगळं ठीक आहे. पण जबाबदारी कुणाची? बसवाल्याने सिग्नल तोडला तर त्याला पकडतात. इथे शेकडो जीव असतात आणि चौकशी अहवालात 'घटकांची साखळी' असलं काहीतरी लिहून मोकळे. दोन-चार जणांना शिक्षा होऊ द्या, बाकीचे आपोआप डोळे उघडे ठेवतील.

वाटसरू
@रोखठोक, हा प्रयोग करून झालाय. मिलानचा लिनाते विमानतळ, 8 ऑक्टोबर 2001. दाट धुकं, जमिनीवरचं रडार बंद. छोट्या सेस्ना विमानाला आर-5 या वाटेने जायला सांगितलं होतं, ते आर-6 वर गेलं आणि उड्डाण घेणाऱ्या एसएएस कंपनीच्या प्रवासी विमानासमोर आलं. 118 मृत्यू. 2004 मध्ये नियंत्रक आणि विमानतळाचे संचालक, दोघांना आठ-आठ वर्षांची शिक्षा सुनावली गेली; पुढे अपिलात निकाल बदलत गेले.

आता यातली गंमत बघा (गंमत कसली म्हणा). टकरीआधी सेस्नाच्या वैमानिकाने आपली जागा सांगितली होती: 'सिएरा फोर'जवळ आहे. ती खूण जमिनीवर रंगवलेली होती. नकाशात मात्र नव्हती, आणि नियंत्रकाला ती ठाऊकच नव्हती. माणूस आपण चुकीच्या वाटेवर आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगतोय आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. यात नियंत्रकाला आत टाकून ती खूण नकाशावर येणार आहे का?

उलट उदाहरण लॉस एंजेलिस, 1 फेब्रुवारी 1991. नियंत्रक बाईंनी एक छोटं विमान रात्री धावपट्टीवरच, मध्ये बाजूची वाट येऊन मिळते त्या छेदापाशी, उभं केलं आणि त्या ते विसरल्या. यूएसएअरचं 737 त्याच्यावर उतरलं, 35 गेले. तपास करणाऱ्यांनी मूळ कारण म्हणून बोट ठेवलं ते टॉवरच्या व्यवस्थापनावर आणि वरच्या यंत्रणेवर: एकाने विसरलं तर दुसऱ्याच्या लक्षात यावं अशी सोयच ठेवली नव्हती. पुढे रात्री असं छेदापाशी उभं करणंच बंद झालं. शिक्षेने हे झालं असतं?

रोखठोक
म्हणजे विसरलं तरी चालतं. छान.

वाटसरू
चालत नाही. पण विसरलो हे सांगायची भीती वाटली तर पुढच्याला कळत नाही. नासा 1976 पासून वैमानिक-नियंत्रकांकडून, नावं गुप्त ठेवून, अहवाल गोळा करते ते याचसाठी. अजाणता झालेली चूक दहा दिवसांत कळवली तर सहसा दंड लागत नाही.

आकडेमोड
अहवाल गोळा करून काय करता तेही बघा. वॉशिंग्टनला 29 जानेवारी 2025 ला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर उतरणीच्या वाटेवर आदळले, 67 मृत्यू. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 मधली माहिती उघडली तर त्या विमानतळाभोवती विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायक जवळ आल्याचे 15,214 प्रसंग. त्यातल्या 85 वेळा उभं अंतर 200 फुटांच्या आत, आडवं 1,500 च्या आत. माहिती नोंदलेली होती, वाचणारा कुणी नव्हता. दिवे बसवा नाहीतर माणसं आत टाका, हे वाचायला कोण बसणार आहे?

नाठाळ
मूळ मुद्द्यावर परत येतो. तोंडी पद्धतीची एक गोष्ट @वातकुक्कुट विसरताहेत: रेडिओ सगळे ऐकतात. सॅन फ्रान्सिस्को, 7 जुलै 2017, रात्र. एअर कॅनडाचं विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवर (धावपट्टीपर्यंत जायच्या वाटेवर) उतरायला निघालं, खाली चार विमानं रांगेत उभी. नियंत्रकाच्या आधी खालच्याच एका वैमानिकाने रेडिओवर 'हा कुठे चाललाय, टॅक्सीवेवर आहे हा' म्हटलं. दुसऱ्याने लँडिंग लाइट लावले. वरचं विमान शंभर फुटांच्याही खाली येऊन वर गेलं. कुठला दिवा हे करणार होता?

ऑस्टिन, 4 फेब्रुवारी 2023, धुकं. उतरणारं फेडेक्सचं विमान तीन मैलांवर असताना टॉवरने साउथवेस्टच्या विमानाला त्याच धावपट्टीवरून उड्डाणाची परवानगी दिली. फेडेक्सवाल्यांनी ती ऐकली, आपली परवानगी परत विचारून घेतली, सावध राहिले आणि पुढ्यात सावली दिसताच वर गेले. कान उघडे होते म्हणून वाचले. आणि पॅरिसला 2000 साली? नियंत्रक एका विमानाशी फ्रेंचमध्ये बोलत होता, दुसऱ्यातल्या इंग्रज वैमानिकांना ते समजलं नाही, टक्कर झाली, सहवैमानिक गेला. शब्द काढून टाकले की सगळीच विमानं त्या इंग्रजांसारखी होतील.

वातकुक्कुट
शब्द काढा असं मी म्हटलेलं नाही. फक्त शेवटचा अधिकार त्यांना नको. आणि 'सगळे ऐकतात' म्हणता, तर हानेडाची वेळ बघा. एअरलाइन्सच्या विमानाला उतरायची परवानगी मिळाली 5 वाजून 44 मिनिटांनी, 56 व्या सेकंदाला. तटरक्षकवाले त्या फ्रिक्वेन्सीवर आले 45:11 ला. पंधरा सेकंद उशीर. मागून कुणीतरी उतरतंय हे वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

नाठाळ
मग नवा माणूस लाइनवर आला की 'मागे एक उतरतंय' एवढं टॉवरने म्हणावं. तीन सेकंदांचं काम. त्यासाठी जमीन खोदायला नको.

आकडेमोड
ऐन गर्दीच्या तासाला एकदा त्या फ्रिक्वेन्सीवरचं बोलणं ऐका आणि ते तीन सेकंद कुठे बसवायचे ते मला दाखवा.