'महिलांची छायाचित्रे' म्हणजे नेमकी कोणाची?

पेडण्याहून प्रश्न :

नमस्कार. शापोरा नदीच्या काठी एका खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, राबणाऱ्या दहा-बारा बायका गेलं वर्षभर आपापल्या मोबाइलवर फोटो काढताहेत. बांध, मानस (बांधातली पाणी आत-बाहेर सोडणारी दाराची मोरी), शेत, तिसऱ्या, बाजारातली पाटी, जे त्यांना महत्त्वाचं वाटेल ते. पंधरवड्यातून एकदा सगळ्या ओसरीवर बसतात, फोटो हातोहात फिरतात, बोलणं होतं. मी ते लिहून घेते. या अभ्यासपद्धतीला फोटोव्हॉइस म्हणतात. मराठी अहवालात मी 'सहभागी छायाचित्रण' असं लिहिलं आणि वर मथळा दिला, 'खाजनातील महिलांची छायाचित्रे'. पहिल्याच वाचकाने पानं चाळून विचारलं, "यात महिला कुठे आहेत?"

त्याचं काही चुकलं नाही. 'आईचा फोटो' म्हणजे आई ज्यात दिसते तो, आईने काढलेला तो, किंवा आईच्या पाकिटात असतो तोही. 'चा' या एका अक्षरात तिन्ही मावतात, पण कान पहिलाच अर्थ धरतो. आणि या पद्धतीचा सगळा जीव दुसऱ्या अर्थात आहे.

एकीने आणलेला फोटो सांगते. चिखल, त्यात कुर्ल्यांनी पाडलेलं भोक, आणि भोकाशेजारी तिची स्वतःची चप्पल, आकार कळावा म्हणून ठेवलेली. मी वहीत 'बांधाचा फोटो' असं लिहीत होते. ती म्हणाली, "बांधाचा नाही गे, भोकाचा. इथून खारं पाणी शेतात येणार." त्या दिवसापासून माझा या 'चा'वरचा विश्वास उडाला आहे. काय लिहू?

फोंड्याहून :

ताई, 'महिलांनी काढलेली' असं लिहावं हे सरळ दिसतं, पण 'काढणे'सुद्धा दोन्हीकडे चालतं. "काल पासपोर्टचा फोटो काढला" असं आपण म्हणतो तेव्हा कॅमेरा स्टुडिओवाल्याच्या हातात असतो. 'टिपणे' तसं नाही. टिपणारा नेहमी कॅमेऱ्यामागेच असतो. म्हणून 'महिलांनी टिपलेले खाजन' असं सुचवतो. 'फोटो घेतला' मात्र नको. घेणं म्हटलं की कोणाकडून तरी काही गेलं असं वाटतं, आणि अभ्यासकांनी गावातून फोटो नेले, गावाला काही दिलं नाही, हेच तर या पद्धतीला मोडायचं होतं.

कॅरोलाइन वँग आणि मेरी अॅन बरिस यांनी 1990च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या 62 खेडूत बायकांच्या हाती कॅमेरे दिले. त्या कामाला आधी त्यांनी 'फोटो नॉव्हेला' म्हटलं होतं. 1997च्या निबंधात 'फोटोव्हॉइस' आलं. म्हणजे नावात शेवटी गोष्ट गेली आणि आवाज आला. फोटोवर एकत्र बसून बोलणं आणि ते बोलणं धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत नेणं हे त्यात चित्राइतकंच मोलाचं आहे. 'छायाचित्रण' या शब्दात ते बोलणं कुठेच नाही, ही माझी खरी अडचण आहे. 'सहभागी'चीही तीच गत. बक्षीस समारंभाला हजर राहणाराही सहभागीच असतो.

डिचोलीहून :

'सहभागी'ला आपल्या मातीतला 'वांगडी' का नको? वांगडी म्हणजे सोबती, बरोबरीने चालणारा. गावकारीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गोव्यातल्या जुन्या संस्थेत, मूळ गावकारांच्या कुळालाही वांगड म्हणतात. परका वाचकही संदर्भाने समजेल.

पुन्हा पेडण्याहून :

'टिपलेले' घेतलं, मनापासून आभार. 'वांगडी'चा मोह मलाही पडला होता. पण गावकारीतला हक्क आणि जोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, पुरुषांच्याच वंशाने चालत आली. ज्या बायका खाजनात कमरेइतक्या चिखलात उतरल्या त्यांना त्या वांगडात जागा नव्हती. त्यांच्याच कामाला हे नाव देताना माझा हात अडतो. बोलताना वापरेन, मथळ्यावर नको.

फोंड्याच्या सरांनी बोलण्याचा मुद्दा काढला तो मला फार लागला. रिळाच्या कॅमेऱ्यात फोटो टिपणं आणि तो दाखवणं यांत दिवस जायचे. धुऊन आल्यावर सगळ्यांनी मिळून पाहायचे, मगच बाहेर. मोबाइलने ते अंतर मिटवलं. आमच्यातल्या एकीने पावसाळ्यात भरतीच्या वेळचा मानशीचा फोटो टिपला. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने मानशीचं दार आपोआप मिटायला हवं. फळी कुजल्यामुळे ते मिटत नव्हतं आणि मागे शेतात पाणी चकाकत होतं. तिने फोटो व्हॉट्सअॅपच्या गटात टाकला. चार दिवसांनी तोच फोटो तिच्या भाच्याच्या मोबाइलवरून परत आला, वर सोनेरी अक्षरांत 'सुप्रभात'. जे पाणी तिला भाताचं मरण दिसत होतं ते कोणाला तरी सकाळची शोभा वाटलं. तिचं नावही त्यावर नव्हतं, कारण फोटो पुढे ढकलला की मूळ कोणी टाकला ते पुढच्याला दिसत नाही. ती रागावली नाही, नुसती गप्प झाली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून संमतिपत्रकावरचा 'संमती' हा एकच शब्द मी फोडला. आता तीन प्रश्न आहेत : टिपू का? गटात टाकू का? गटाबाहेर जाऊ दे का? तिन्हींना वेगवेगळा होकार, आणि दिलेला होकार परत घेता येतो हेही त्यातच. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्याची वेळ टिकते, भरती-ओहोटी ताडून पाहायला ती लागते. पण लोकेशन चालू असेल तर जागाही सोबत जाते. मानशीची जागा कळली तर बरंच, घरातल्या फोटोचं तसं नाही. तेव्हा तेही विचारून.

डिचोलीहून :

आणि फोटोखालच्या त्यांच्या शब्दांना काय म्हणणार? 'मथळा' तर नव्हे?

पुन्हा पेडण्याहून :

नाही. आधी 'टीप' लिहीत होते, ती माझी वाटायची. परवा त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "आमचं सांगणं." तक्त्यात आता तीन रकाने आहेत : टिपणारी, फोटोत काय, सांगणे. भोकाच्या फोटोचे तिन्ही तिने स्वतः भरले. दुसऱ्यात लिहिलं, 'भोक आणि माझी चप्पल'. तिसऱ्यात, 'पुनवेच्या आधी बुजवा'.