'आपल्यावरून जग ओळखावं' : मनाच्या अभ्यासात हे चालतं का?

कोरीपाटी:
आजी गेली तेव्हा मावशी महिनाभर एकच म्हणत होती, "आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही गं." मला ते नाटकी वाटायचं. मी पाचव्या दिवशी कामावर रुजू झाले होते आणि मनातल्या मनात स्वतःला खंबीर समजत होते. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की मावशीला तो चेहरा खरोखर दिसत होता. मला डोळे मिटले की काळोख. कधीच काही दिसलेलं नाही. चाळिशीपर्यंत मी 'डोळ्यांसमोर येणं' हा 'पोटात कावळे ओरडणं'सारखा वाक्प्रचार समजत होते!

याला अफँटेझिया म्हणतात. हे नाव इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांच्या गटाने २०१५ मध्ये दिलं. पण गोष्ट जुनी आहे. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने लोकांना विचारलं होतं, सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवा, कसं दिसतं? काही विद्वानांनी त्यालाच वेड्यात काढलं. मनात चित्र दिसतं हे त्यांना कविकल्पना वाटलं.

माझं म्हणणं असं: माणूस असा का वागतो हे शोधणाऱ्यांत वेगवेगळ्या घडणीची डोकी हवीतच. नाहीतर जो तो स्वतःच्या मनालाच फूटपट्टी करतो, मी मावशीबाबत केली तशी.

हिशोबनीस:
मावशींचा किस्सा पोचला, निष्कर्ष नाही. गाल्टनला शोध लागला तो प्रश्नावली पाठवल्यामुळे, त्याच्या शेजारी कोण बसलं होतं त्यामुळे नाही. आणि 'शास्त्रज्ञांना चित्रं दिसत नाहीत' हा त्याचा निष्कर्ष तर चुकलाच होता. २००६ मध्ये दोन संशोधकांनी त्याचीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा तो टिकला नाही.

वेगळी डोकी एकत्र आली की काय होतं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसलंय. जर्मनीत वुर्त्सबुर्गला मानसशास्त्रज्ञ क्युल्पेच्या प्रयोगशाळेतले लोक म्हणाले, चित्राशिवायही विचार होतो. अमेरिकेत कॉर्नेलला टिचनर म्हणाला, छे, तुम्हाला आत नीट बघता येत नाही. या गृहस्थाला 'अर्थ' हा शब्दसुद्धा दिसायचा: निळसर करड्या पळीचं टोक काळसर लगद्यात रुतताना! वर्षानुवर्षं भांडले, निकाल शून्य. शेवटी १९१३ मध्ये वॉटसन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणाला, आत बघणं सोडा, वर्तन मोजा.

कोरीपाटी:
उदाहरण माझ्याच कामाचं दिलंत, आभार. ते भांडले कारण दोघांनाही वाटत होतं की माणसाचं मन एकाच साच्याचं असतं, म्हणजे समोरचा चुकतोच आहे. 'कदाचित तुझं तसं आणि माझं असं' हे म्हटलं गेलं असतं तर वादच उरला नसता. वेगळी डोकी होती, पण एकमेकांना साक्षीदार मानायला तयार नव्हती.

तिरफळ:
मी समुपदेशन करते. भीतीवर काम करताना आम्ही सांगतो, डोळे मिटा, तुम्ही उंच पुलावर उभे आहात अशी कल्पना करा. एका काकांना काहीच व्हायचं नाही. मी नोंदवहीत लिहिलं होतं, 'सहकार्य कमी'. त्या दोन शब्दांची आजही लाज वाटते.

नंतर २०२१ चा एक प्रयोग वाचला. अंधारात भीतीदायक गोष्टी वाचायला दिल्यावर बहुतेकांच्या त्वचेची विद्युतवाहकता वाढली, म्हणजे आपण म्हणतो तसा घाम फुटला. अफँटेझिया असलेल्यांची जवळजवळ वाढलीच नाही. प्रत्यक्ष भयानक चित्रं दाखवली तेव्हा मात्र त्यांचीही वाढली. म्हणजे काका घाबरट होते तेवढेच होते, माझ्या शब्दांचं त्यांच्या आत चित्र होत नव्हतं. तरी हिशोबनीसांचा मुद्दा मला पूर्ण टाकवत नाही. मला शहाणं केलं ते मोजमापानेच.

हिशोबनीस:
तेच म्हणतोय. सिडनीत २०२२ मध्ये डोळ्याची बाहुली मोजली. प्रखर आकृतीची नुसती कल्पना केली तरी बहुतेकांची बाहुली आकसते, अफँटेझियात तसं दिसलं नाही. बाहुलीला मतं नसतात. यंत्रामागे बसलेल्याला चित्रं दिसतात की नाही, काय फरक पडतो?

कोरीपाटी:
यंत्र कुणावर रोखायचं हे कुणी सांगितलं? २०१० मध्ये झेमन यांनी ६५ वर्षांच्या एका गृहस्थांबद्दल लिहिलं होतं. हृदयावरच्या उपचारानंतर त्यांची मनातली चित्रं गेली. तोवर हा एक दुर्मिळ आजार. मग मासिकात त्यावर लेख आला आणि वाचकांची पत्रं आली, 'आमची गेली नाहीत, आम्हाला कधी नव्हतीच.' २०१५ चा शोधनिबंध अशा २१ जणांवर उभा आहे. गाल्टन आणि ही पत्रं यांच्यात १३० वर्षं गेली हो. मोजमाप करणारे तेव्हा काय सुट्टीवर होते?

बोरूबहाद्दर:
आता प्रत्येक स्वभावाला ग्रीक नाव. आमच्या वेळी 'याच्या डोक्यात काही शिरत नाही' एवढ्यावर भागायचं. (चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

हिशोबनीस:
१३० वर्षांचा मुद्दा लागला. पत्रांमुळे प्रश्न मिळाला हे मान्य, पण उत्तर पत्रांनी दिलं नाही. तिथे मी हलणार नाही.

बाकी काल जेवताना घरी विचारलं, सफरचंद दिसतं का? बायकोला लाल, देठासकट. मला धुरकट. मुलगी म्हणाली, "म्हणजे काय दिसतं का?" ती दोन वर्षं चित्रकलेच्या क्लासला जातेय. 'मनात चित्र आणा आणि काढा' असं तिथे सांगतात, आणि ती आधी पानभर रेघोट्या मारते म्हणून ओरडा खाते. मीही ओरडलोय.

तिरफळ:
डिस्नेचे नावाजलेले ॲनिमेटर ग्लेन कीन यांनाही मनात चित्र दिसत नाही. तेही आधी रेघोट्याच मारतात, त्यातून आकृती हाती लागते. क्लासच्या बाईंना एवढंच सांगा की तिला कच्चे कागद जास्त लागतील.