प्रतिसाद: पद्मिनी थांबली की चौकशा सुरू!

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी कुठेही थांबली की लोक येऊन प्रश्न विचारतात. अशा वेळी "चिडू नका, हसून उत्तर द्या" हा मूळ पोस्टमधला सल्ला बरोबर, पण पेट्रोल पंपावर तो महागात पडतो. गप्पांच्या नादात मीटरच्या शून्याकडे बघायचं राहून जातं. टाकीचं झाकण लागेपर्यंत "एक मिनिट हं दादा" एवढंच बोला.

ठरलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरं ठेवा. ॲव्हरेज? शहरात दहा-बारा. इंजिन? 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगलाच. "ही बंद झाली ना?" हा प्रश्न मुंबईत हमखास. बंद झाली ती टॅक्सी, ऑक्टोबर 2023 मध्ये, टॅक्सीसाठीच्या 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी फिटनेस तपासून वाढवता येते (दिल्लीचा नियम वेगळा). व्हिंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांच्या वरची लागते आणि मग ती रोज फिरवता येत नाही, त्यामुळे त्या फंदात न पडलेलं बरं.

"बॉनेट उघडून दाखवा ना" याला मात्र सरळ नाही म्हणा. ट्रॅफिकमधून आलेलं इंजिन तापलेलं असतं, एखादा हौशी रेडिएटरच्या टोपीला हात घालतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. शिवाय चेसिस नंबरच्या पट्टीचा फोटो काढू देऊ नये.

"विकणार का?" विचारणारा पुढे "कुठे उभी करता?" विचारतो. तिथे विषय बदला. पुढच्या तिकोनी काचेची खिटी जुनी झाली की बाहेरून सहज सरकते आणि चोराचं काम सोपं होतं. ती आधी बदलून घ्या.