मदत हवी आहे: ५ वर्षांच्या मुलाचा ताप, मलेरियाची कार्ड टेस्ट निगेटिव्ह, पण मन मानत नाही

नमस्कार, आम्ही लोअर परळला चाळीत राहतो. मुलाला सोमवारपासून ताप आहे. पहिल्या दिवशी नुसत्या उलट्या आणि पोट दुखतंय म्हणत होता म्हणून वाटलं बाहेरचं काही खाल्लं असेल, डॉक्टर पण व्हायरल म्हणाले. मंगळवारी ताप उतरला, तेव्हाच रक्त दिलं, मलेरियाची कार्ड टेस्ट निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, पण प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी, ९२ हजार. आणि काल रात्री १०३, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते, मग तासाभराने असा घाम सुटला की उशीचा अभ्रा बदलावा लागला. आज मलूल पडलाय, पापणी खाली ओढून बघितली तर आतून फिक्की दिसते. बाजूला टॉवरचं काम चालू आहे, खड्ड्यात पाणी साचलेलं आहे. डॉक्टर म्हणतात दोन दिवस बघू. निगेटिव्ह म्हणजे मलेरिया नाहीच असं धरायचं का? प्लीज कोणीतरी सांगा.

किशोर_लॅब:
ताई, नाही धरायचं. मी रोज स्लाइडच बघतो. कार्डवर १५-२० मिनिटांत रिझल्ट येतो हे खरं, पण ते जंतूचं प्रोटीन शोधतं, रक्तात जंतू कमी असले तर रेघ उमटतच नाही, व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या प्रकारात तर जास्तच सुटतं. आजच स्मिअर करा, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात ते, जाड आणि पातळ दोन्ही. जाडात जंतू सापडतो, पातळात कुठला ते कळतं. निगेटिव्ह आलं तरी १२ ते २४ तासांनी परत, असं दोन-तीनदा. हुडहुडी भरायची वाट बघत बसू नका, रक्त कधीही देता येतं. आणि एक दिवसाआड ताप वगैरे लहान मुलांत होईलच असं नाही, उलटी, जुलाब, खोकला यानेच सुरुवात होते आणि सगळे फसतात. पालिकेच्या दवाखान्यात तपासणी फुकट आहे.

ओवीची_आई:
माझ्या मुलीला फाल्सीपेरम, म्हणजे मलेरियाचा जास्त धोक्याचा प्रकार, झाला होता म्हणून कळकळीने सांगते, झटका आला, हाका मारून नीट जाग येत नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, धाप लागली किंवा लघवी चहासारखी काळपट झाली तर रिपोर्टसाठी थांबू नका, रिक्षा करून थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या. फाल्सीपेरम मुलांत एका दिवसात बिघडतो.

मूळ धागाकर्ती:
अपडेट देते. काल संध्याकाळचं स्मिअर निगेटिव्ह, आज सकाळचं पॉझिटिव्ह, व्हायव्हॅक्स. क्लोरोक्वीन (मलेरियाची गोळी) सुरू केलंय. जीसिक्सपीडीचा (प्रायमाक्वीन ही दुसरी गोळी मुलाला चालेल का ते सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट आला की प्रायमाक्वीन १४ दिवस, कारण व्हायव्हॅक्स लिव्हरमध्ये लपून राहतो आणि महिन्यांनी परत उलटतो. किशोरदादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी पहिल्या निगेटिव्हवरच थांबले असते. एकच विचारायचंय, क्लोरोक्वीनची गोळी फार कडू आहे, आत्ता दहा मिनिटांत ओकून टाकली, तर डोस गेला का?

किशोर_लॅब:
इतक्या लगेच ओकली तर डोस परत द्यावा लागतो, पण किती द्यायचा ते वजनावर असतं, आत्ताच डॉक्टरांना फोन करा. आणि आधी थोडी पेज पाजा, रिकाम्या पोटी नको.